घरचा कॅमेरा, गावचा इतिहास

चित्रपटाच्या धंद्यात ज्याने चार पैसे घातले आणि त्यांतले तीन घालवले अशा कोणत्याही निर्मात्याला विचारले, तर ऐतिहासिक चित्रपटाचे नाव काढताच तो प्रथम हात जोडील आणि मग खर्चाची यादी वाचू लागेल. पगडी बांधणारा आणा, घोडा आणा, घोड्याबरोबर त्याचा मोतद्दार आणि त्याची वैरण आणा, वाड्याच्या चौकातला विजेचा खांब झाका, गडाच्या तटावर कोणी प्रेमिकाने खडूने लिहिलेले नाव पुसा; आणि एवढे सारे करूनही दूरच्या डोंगरावरून गेलेली तार चित्रात आली, तर तो दिवस फुकट गेला म्हणून समजा. सारांश, भूतकाळ हा भाड्याने घेण्याच्या वस्तूंमधली सर्वांत महाग वस्तू आहे. असे असताना महाराष्ट्रातला ऐतिहासिक चित्रपट ज्या गावात जन्माला आला, तेथे कॅमेरा विकत घेण्याइतकेही द्रव्य त्या उद्योगाच्या प्रवर्तकांजवळ नव्हते, ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्याजोगी आहे. तिचे स्पष्टीकरण बहुधा प्रतिभा, ध्येयनिष्ठा, स्वार्थत्याग या शब्दांनी केले जाते. हे गुण त्या माणसांच्या अंगी नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु नुसत्या ध्येयनिष्ठेने तलवारीला पाणी चढत नाही. जमाखर्चाच्या वहीची दुसरी बाजू उघडून पाहिली म्हणजे असे दिसते की, इतर ठिकाणी जे द्रव्य देऊन मिळवावे लागले असते त्यातले अर्धेअधिक कोल्हापुरात रोजच्या वापरात होते, आणि राहिलेल्या अर्ध्यासाठी त्या गावाने उधारी केली.

दारिद्र्यातून चित्रपट काढण्याचा मान अर्थात कोल्हापूरचा नव्हे. तो दादासाहेब फाळक्यांचा. आयुष्याची विमापत्रे तारण ठेवून १९१२ साली ते विलायतेस गेले, विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परत आले, आणि दादरच्या राहत्या घरात, पत्नी सरस्वतीबाईंच्या स्वयंपाकघराशी आणि त्यांच्या दागिन्यांशी संगनमत करून, सुमारे ३,७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी पुरा केला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांपुढे आला. तारामतीची भूमिका करण्यास बाई मिळेना म्हणून एका उपाहारगृहातला साळुंके नावाचा आचारी उभा केला, ही कथा शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की, फाळक्यांची अडचण पैशाची होती, पुराव्याची नव्हती. हरिश्चंद्राचा मुकुट कसा होता हे पाहिलेला साक्षीदार त्रिभुवनात कोणी नाही. राजा रविवर्म्याच्या तसबिरींनी घरोघरी जो देव नेऊन ठेवला होता, तसा देव पडद्यावर हलताना दिसला की प्रेक्षक हात जोडत होता. इतिहासाचे तसे नाही. शिवाजीमहाराजांच्या काळाला अडीचशे वर्षे लोटली असली तरी त्या काळच्या तलवारी पुष्कळांच्या देवघरात होत्या, दसऱ्याला त्यांना झेंडूची माळ पडत होती, आणि मावळ्याने पागोटे कसे बांधावे याविषयी प्रत्येक म्हाताऱ्याचे ठाम मत होते. ऐतिहासिक चित्रपटाचे परीक्षक तिकीट काढून आत येत, आणि चूक दिसली की मोठ्याने बोलत.

कोल्हापुरातल्या ज्या घरातून हा उद्योग निघाला ते मिस्त्रींचे घर कारागिरांचे. बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. त्यांचे थोरले चुलतभाऊ आनंदराव आणि ते स्वतः नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून पोट भरत, आणि या धंद्यावरूनच लोकांनी त्यांना 'पेंटर' हे नाव दिले. मिस्त्री हे आडनाव कागदोपत्री उरले. नाटकाचा पडदा रंगवणे हे काम आज कोणी विशेष जाणत नाही. चाळीस हात कापडावर राजवाड्याचा दरबार असा काढायचा की, समोर उभ्या राहिलेल्या गवयाच्या मागे तो दरबार कोसभर लांब गेलेला दिसावा. खांबाची सावली कोणत्या बाजूस पडेल, दिवा कोठे ठेवला म्हणजे ती खोटी दिसणार नाही, दूरची कमान किती फिकी करावी, हे सारे हिशेब त्या कापडावर मांडलेले असत. ज्याने दहा वर्षे असे कापड रंगवले त्याला उजेड म्हणजे काय हे कोणत्याही पुस्तकावाचून कळते. चित्रपटासाठी जे शिक्षण पुढे लोक परदेशी जाऊन घेऊ लागले, त्याचा बराचसा भाग या दोघा भावांनी किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श यांसारख्या मंडळ्यांच्या काळात पडद्यामागे घेतला होता, आणि त्याबद्दल त्यांना फी द्यावी लागली नाही, उलट मजुरी मिळाली.

मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका प्रक्षेपकावर हे दोघे आधी चित्रपट दाखवीत. दाखवता दाखवता ते यंत्र त्यांनी खोलून पाहिले, आणि जे यंत्र चित्र पडद्यावर फेकते तेच उलटे फिरवले तर चित्र आत का घेणार नाही, हा विचार आनंदरावांच्या मनात घर करून बसला. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात काय करायचे होते ते पाहा. फिल्मच्या प्रत्येक चित्राला दोन्ही कडांवर चार चार छिद्रे असतात. एक लहानसा आकडा त्या छिद्रांत शिरून फिल्म बरोबर एका चित्राइतकी खाली ओढतो, सोडतो, वर जातो आणि पुन्हा शिरतो. फिल्म सरकत असेल तितका वेळ एक अर्धचंद्राकार पत्रा भिंगापुढे आडवा आलेला असावा लागतो, आणि ती थांबली की त्याने बाजूला व्हावे लागते. हे सारे एका सेकंदात सोळा वेळा. आकडा केसभर लवकर आला तर फिल्म फाटणार, केसभर उशिरा आला तर पडद्यावरचा राजा थरथरत उभा राहणार. महायुद्धाच्या त्या दिवसांत, लेथवर पितळेचे तुकडे कातून, घडवून, मोडून आणि पुन्हा घडवून हे यंत्र त्यांनी उभे करत आणले. १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्ध्यावर राहिले. पुढे विष्णुपंत दामले या तरुण सहकाऱ्याला हाताशी घेऊन बाबूरावांनी ते १९१८ मध्ये तडीस नेले, आणि हिंदुस्थानात हिंदी माणसाने घडवलेला चित्रपटाचा कॅमेरा म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो हाच.

यंत्र तयार झाले. पण त्याच्या पोटात घालायची फिल्म कोल्हापुरात पिकत नव्हती. येथे तानीबाई कागलकरांचे नाव घ्यावे लागते. आमच्या इतिहासलेखकांनी या बाईंना एका वाक्यात निकालात काढले आहे, आणि काहींनी तर त्यांना कोणी सरदार समजून पुल्लिंगी क्रियापदही बहाल केले आहे. तानीबाई गाणाऱ्या होत्या. प्रतिष्ठित सावकाराने ज्या धंद्याकडे ढुंकून पाहिले नसते, ज्याला ना दुकान ना जमीन ना पीक, त्या धंद्यात या बाईंनी आपली मिळकत घातली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची पाटी लागली. कलावंतिणीचा पैसा आणि सुताराची विद्या यांवर ही इमारत उभी राहिली, हे सांगताना संकोच वाटण्याचे कारण मला दिसत नाही. 'सैरंध्री' या कंपनीच्या पहिल्या चित्रपटातल्या दोन्ही नायिकांनीही असेच धाडस केले. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य केले तेव्हा समाजाने त्यांच्याशी व्यवहार तोडला, आणि त्यांना कंपनीच्या आवारातच बिऱ्हाड करावे लागले. कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे त्यांना पडद्यासाठी मिळाली. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात आचाऱ्यावर भागवावे लागले होते.

आता फिल्मचा हिशेब. एक फूट फिल्ममध्ये सोळा चित्रे बसतात, आणि कॅमेऱ्याचा दांडा सेकंदाला दोन वेळा फिरवला की सोळा चित्रे निघतात. म्हणजे एक सेकंद म्हणजे एक फूट. मूकपटाच्या काळातली ही मोजणी इतकी सरळ होती की, दिग्दर्शक जणू कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा आहे असे वाटावे. नटाची तलवार उपसताना म्यानात अडकली, तीन फूट गेले. घोडा बुजला, दहा फूट गेले. फिल्म विलायतेहून जहाजाने येणार, दाम रोख मोजावे लागणार, आणि एकदा उजेड लागलेला फूट पुन्हा कोरा होत नाही. ज्याच्याजवळ फिल्मचा साठा आहे तो एकच प्रसंग पाच वेळा घेऊन त्यातला बरा निवडतो. ज्याच्याजवळ नाही तो आधी कागदावर घेतो. बाबूराव प्रत्येक प्रसंग आधी काढून ठेवीत, पोशाखांचे, दागिन्यांचे, बसण्या-उठण्याच्या ढबीचे रेखाटन करीत, आणि नटाला तोंडाने सांगण्याऐवजी चित्र दाखवीत, असे त्यांच्या पद्धतीचे वर्णन आहे. समीक्षकांनी या सवयीला पुढे कलादृष्टी असे नाव दिले. ते खोटे नाही. पण कागद स्वस्त आणि फिल्म महाग, हे कारणही त्या दृष्टीच्या जन्मकुंडलीत मांडले पाहिजे.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या मंडईजवळच्या आर्यन चित्रपटगृहात 'सैरंध्री' दाखवला गेला. कथा कीचकवधाची, खाडिलकरांच्या १९०७ च्या ज्या नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती त्याचेच कथानक. नाटकातला शब्द सरकारला सलत होता, आणि येथे तर शब्दच नव्हता. भीम मुकाट्याने कीचकाची मान मुरगळत होता. झुंजारराव पवारांचा भीम आणि बाळासाहेब यादवांचा कीचक यांच्यातले ते द्वंद्व इतके जिवंत उतरले की, सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे सहा महिन्यांत लोकमान्य गेले. कोल्हापूरचे ते यंत्र मात्र चालू लागले होते.

पौराणिकाने कंपनीचा जम बसला, पण बाबूरावांचा डोळा इतिहासावर होता. १९२३ चा 'सिंहगड' हा त्या ओढीचा परिणाम. हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी घरोघरी वाचलेली, तानाजीचा पोवाडा गावोगाव ऐकलेला. म्हणजे कथेसाठी एक दमडी खर्च नाही आणि जाहिरातीचे काम शाहिरांनी आधीच करून ठेवलेले. स्वतः बाबूराव शिवाजीमहाराजांच्या भूमिकेत उभे राहिले, आणि शेलारमामाची दाढी लावली ती पुढे जगभर नाव झालेल्या शांतारामाने. मी सुरुवातीला ज्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख केला ती येथे स्पष्ट दिसते. १९२३ चे कोल्हापूर हे संस्थान होते. तेथे पागा होती, शिलेखाना होता, भालदार-चोपदार होते, दसऱ्याची स्वारी निघत होती. शाहू छत्रपतींनी जोपासलेल्या तालमींतून पिळदार अंगाची शेकडो पोरे रोज पहाटे जोर काढत होती. घोड्यावर मांड कशी टाकावी हे येथे कोणाला शिकवावे लागत नव्हते, आणि मुजरा करताना हात कोठपर्यंत न्यावा यासाठी ग्रंथ उघडावा लागत नव्हता. शिंपी अंगरखा शिवत होता तो नाटकासाठी म्हणून नव्हे, गिऱ्हाईक घालत होते म्हणून. पन्हाळा सात कोसांच्या आत, जोतिबाचा डोंगर त्याच्या शेजारी, आणि दोहोंमध्ये विजेची एक तार नाही. सतरावे शतक त्या मुलखातून अजून पुरते निघून गेले नव्हते. ज्याला आज कलादिग्दर्शन म्हणतात आणि ज्याचा स्वतंत्र खर्च दाखवतात, ते येथे नुसत्या शेजारधर्मावर भागत होते.

तरीही एका गोष्टीत शेजारधर्म उपयोगी पडेना. त्या काळची फिल्म रंगांच्या बाबतीत अर्धआंधळी होती. निळ्याला ती पांढरे समजे, म्हणून आकाशातले ढग नाहीसे होत. आणि लाल, नारिंगी हे रंग तिला दिसतच नसत, ते काळे उमटत. कुंकू काळे, ओठ काळे, शालू काळा. आता हीच फिल्म घेऊन मराठ्यांचा इतिहास काढायचा म्हटले म्हणजे पहिला अडथळा येतो तो जरीपटक्याचा आणि भगव्या झेंड्याचा: खरा भगवा झेंडा गडावर चढवला तर पडद्यावर काळे फडके फडफडणार. उन्हात तळपणाऱ्या केशरी मंदिलाचीही तीच गत. प्रेक्षकाच्या मनातला भगवा पडद्यावर उजळ दिसावा यासाठी कॅमेऱ्यापुढे भलत्याच रंगाचे कापड धरावे लागते, आणि कोणते कापड कोणती छटा देईल याचे कोष्टक कोठे छापलेले नव्हते. ते रंगाऱ्याच्या डोळ्यात असावे लागते. पडदे रंगवून मिळवलेली विद्या येथे कामास आली, कारण दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा रंग हिरवट होतो आणि जांभळा मरतो, हे नाटकाच्या रंगाऱ्याला पोटासाठी शिकावेच लागलेले असते. काळ्या-पांढऱ्या चित्राचा रंगाशी काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या काळच्या फिल्मवर हळदीकुंकवाचा समारंभ टिपून पाहावा. सगळ्या सुवासिनींच्या कपाळी काजळाची तीट लागलेली दिसेल.

उजेडाचाही प्रश्न असाच. चित्रण उन्हात होई; वर पांढऱ्या कापडाचे छत ताणून ऊन गाळायचे, आणि बाजूने चंदेरी कागद चिकटवलेल्या फळ्या धरून ते तोंडावर फेकायचे. फळी धरणारा पोऱ्या दमला की महाराणींच्या चेहऱ्यावर अमावास्या. रात्रीचा प्रसंग भर दुपारी घेऊन फिल्मचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवायचा, की झाली रात्र. परंतु सिंहगडाचा हल्ला हा माघातल्या काळ्या रात्रीचा. दोरावरून चढणारे मावळे आणि तटावरची चकमक निळ्या दुपारी दाखवणे बाबूरावांच्या मनाला पटेना. म्हणून कृत्रिम दिवे आणले गेले, आणि हिंदुस्थानी चित्रपटात रात्रीचे प्रसंग असे दिव्यांच्या उजेडात टिपण्याचा हा आरंभ मानला जातो. येथे मात्र पैसा खर्च झाला. काटकसरी माणूस कोठे हात सैल सोडतो यावरून त्याची खरी श्रद्धा कळते, आणि बाबूरावांनी तो उजेडावर सोडला. चित्रपटाला गर्दी इतकी लोटली की सरकारचे लक्ष या उत्पन्नाकडे गेले आणि त्यातूनच करमणूक कराची कल्पना निघाली, असे जुने लोक सांगत आले आहेत. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे हे खरे. बाकीचा भाग कोल्हापूरकरांच्या अभिमानाकडे सोपवतो. ज्या धंद्याला उभारणीसाठी दरबारी तिजोरीतून कर्ज मिळाले नसते, त्याच्या मिळकतीवर मात्र दप्तर तत्काळ उघडले गेले.

दुसऱ्याच वर्षी 'कल्याण खजिना' आला, आणि वेंब्लीच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. १९२५ मध्ये 'सावकारी पाश'. हा ऐतिहासिक नव्हे. नारायण हरि आपट्यांच्या कथेवरचा. (नाव उलटे केले की आपटे बदलतात, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे.) उसन्या पैशावर उभ्या असलेल्या कंपनीने सावकाराच्या फासात सापडलेल्या शेतकऱ्याची कथा काढावी, यातला योगायोग त्या मंडळींच्या ध्यानात आला नसेल असे वाटत नाही. लोकांनी या चित्रपटाला फारसा आश्रय दिला नाही. तलवार नव्हती, मुकुट नव्हता. जी विवंचना घरी ठेवून करमणुकीला यायचे तीच पडद्यावर. आज त्याची थोरवी सगळे मान्य करतात, पण त्या वेळी तोटा बाबूरावांनाच सोसावा लागला.

आणि आता जी गोष्ट या कथेत सहसा झाकून ठेवतात ती सांगतो. फिल्म विकत घ्यावी लागत होती, भिंग विकत घ्यावे लागत होते. विकत घ्यावे लागत नव्हते ते मनुष्यबळ. कंपनी गुरुकुलासारखी चाले. दामले यंत्रे पाहत, फत्तेलाल पडदे आणि देखावे रचत, धायबर कॅमेऱ्याला लागले; बाबूराव पेंढारकर व्यवस्थापक, आणि त्यांच्या नात्यातून १९२० मध्ये आलेला शांताराम वणकुद्रे आरंभी बिनपगारी, पडेल ते काम करणारा. झाडणे, रंगवणे, फिल्म धुणे, धुतलेली फिल्म लाकडी रहाटावर गुंडाळून वाळवणे, आणि वेळ येईल तेव्हा दाढी लावून उभे राहणे, हे सारे एकाच माणसाच्या दिवसात बसे. फिल्म धुण्याचे काम मी नुसते नाव घेऊन सोडणार नाही. अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा, कारण तांबडे फिल्मला दिसत नाही, हौदात औषध, उन्हाळ्यात पाणी कोमट झाले की फिल्मवरचा जिलेटिनचा थर साईसारखा सुटू लागतो, म्हणून पाणी थंड राखण्याची धडपड. चार घटका हात औषधात बुडालेले. त्या थरात दिवसभराची लढाई, शंभर माणसांचे श्रम आणि रोख मोजलेले फूट. धुणाऱ्याचा डोळा लागला तर सारे पाण्यात. हे काम करणाऱ्याला गुरूंच्या सहवासाचे भाग्य लाभे यात शंका नाही, परंतु भाग्याने बिऱ्हाड चालत नाही. तरुण प्रपंचात पडले, तसे मान आणि मेहनताना या दोन्हींचे प्रश्न उभे राहिले. बाबूराव पेंटरांसारखा गुरू मनस्वी, लहरी, स्वतःच्या कलेत बुडालेला; त्याने हिशेबाची वही उघडावी ही अपेक्षा व्यर्थ. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे सराफीच्या धंद्यातले सीतारामपंत कुलकर्णी यांच्याशी भागीदारी करून 'प्रभात' फिल्म कंपनी काढून बसले. बाबूरावांनी १९३० मध्ये आपली कंपनी सोडली आणि ती लौकरच मिटली. ज्या काटकसरीने महाराष्ट्र फिल्म कंपनी जगली त्याच काटकसरीने तिचे आधारस्तंभ बाहेर गेले, असे माझे मत आहे. गुरुभक्तीच्या वातावरणात वाढलेल्या मंडळींना ते कदाचित कठोर वाटेल.

प्रभातनेही आरंभी जुनीच युक्ती वापरली. १९३० चा 'उदयकाल' हा शिवाजीमहाराजांवरचा. नाव ठेवले होते 'स्वराज्याचे तोरण', पण मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या वर्षी 'स्वराज्य' हा शब्द भिंतीवर लागणे सरकारला मानवले नाही आणि नाव बदलावे लागले. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली. तेथे तिने विस्तीर्ण आवार घेतले, कारखाना उभा केला, आणि १९४४ चा 'रामशास्त्री' काढताना पेशवाईचा शनिवारवाडा तिने आपल्या आवारात बांधून काढला. तो चित्रपट मला अतिशय प्रिय आहे. पण त्यातला भूतकाळ सुतारांनी मजुरी घेऊन घडवलेला आहे, आणि एकदा ही रीत पडली की मग दर वाढतच जातो.

कोल्हापुरात भालजी पेंढारकरांनी मात्र जुनी वाट धरून ठेवली. 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक' यांसारख्या चित्रपटांत दरबाराचा थाट कमी आणि मावळ्याची बोली जास्त. पैसा कमी असला की राजापेक्षा शिपाई परवडतो. पण १९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा उभारला. पुढच्याच वर्षी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण योग्यच होते, त्याविषयी हळहळ करण्याचे कारण नाही. परंतु जो शिलेखाना कालपर्यंत शेजाऱ्याच्या घरासारखा होता तो यापुढे वस्तुसंग्रहालयाच्या वाटेला लागला, पागेतले घोडे गेले, मोतद्दारांच्या मुलांनी मोटारीचे परवाने काढले, आणि १९५२ मध्ये भालजींनी 'छत्रपती शिवाजी' काढला तेव्हा भूतकाळ कोल्हापुरातही जमवावा लागला.

बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी वारले. 'सिंहगड' आज कोणालाही पाहता येत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, जणू कापसाची दारू. जी जळाली नाही ती डबीत राहून चिकट झाली, आणि धंद्यात तिच्यातली चांदी काढून घेण्याचाही प्रघात होता. बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे काही तुकडे तेवढे राहिले. 'कल्याण खजिना'चे एक भित्तिपत्रक मात्र टिकले आहे, आणि आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या हिंदुस्थानी चित्रभित्तिपत्रकांत त्याची गणना होते. जाहिरातीला चित्रकार लावण्याइतका पैसा कंपनीजवळ नव्हता, म्हणून मालकच कुंचला घेऊन बसत. शिळाप्रेसवर छापलेल्या त्या कागदात लाल आणि केशरी हे रंग जसेच्या तसे आहेत.